हर्नियाची जाळी: दर बघण्याआधी जागा विचारा

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, म्हणून घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतले लोक हर्नियाचं इस्टिमेट घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न एकच असतो, पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेला आधार म्हणून आत बसवतात ती जाळी महागातली घेऊ का? माझं उत्तर असतं, आधी ती कुठे बसणार ते डॉक्टरांना विचारा.

जांघेतला हर्निया असेल तर साधी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, जाळी बहुतेकांना पुरते. चिरा देऊन केलेल्या ऑपरेशनात ती स्नायूंवर बसते, दुर्बिणीतून केलं तर स्नायू आणि पोटाचं अस्तर यांच्या मधे. आतड्याचा आणि तिचा संबंध येत नाही. भोकांतून शरीराचे तंतू वाढतात आणि ती तिथे घट्ट रुजते. समोर आतडं असेल तर हाच गुण घात करतो, कारण आतडंही तिला चिकटतं. म्हणून बेंबीचा किंवा जुन्या ऑपरेशनच्या जागचा हर्निया दुरुस्त करताना जाळी पोटाच्या आत, आतड्यांसमोर लावायची असेल, तर कंपोझिट जाळी लागते. तिच्या आतड्याकडच्या बाजूला चिकटू न देणारा थर असतो. ती बरीच महाग आहे, पण इथे पैसे वाचवू नका. तीच जाळी जांघेसाठी सुचवली, तर कारण जरूर विचारा.

हलकी जाळी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅमच्या आतली. जांघेला चिरा देऊन ती लावली तर आत काही टोचतंय, ओढतंय असं कमी जाणवतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात मात्र हा फायदा दिसत नाही, उलट मोठ्या डायरेक्ट हर्नियात, म्हणजे जांघेच्या भिंतीच्या कमजोर जागेतून थेट पुढे येणाऱ्या हर्नियात, हर्निया परत येण्याचा धोका वाढतो. तिथे मी नेहमीच्या वजनाची जाळी निवडेन.

पूर्ण विरघळणारी जाळी कायमचा आधार देत नाही. प्राण्यांच्या कातडीपासून बनवलेली जाळी खूप महाग, आणि साध्या हर्नियाला तिची गरज नसते. ती बरेचदा डुकराच्या कातडीची असते. घरात कुणाला ते चालणार नसेल तर आधीच सांगा.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, ही भीती मला फार खटकते. आपल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली आलेल्या निकालांत वर्षभरानंतर हर्निया परत येण्यात दोन्हींमध्ये लक्षणीय फरक नव्हता.

दरापेक्षा आकाराकडे लक्ष द्या. जांघेच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी लागते. लहान पडली तर कडेने हर्निया पुन्हा डोकं काढतो. आणि डिस्चार्जच्या कागदांवर जाळीच्या पाकिटावरचा लॉट नंबरचा स्टिकर चिकटवून घ्या. पुढे पुन्हा पोट उघडायची वेळ आली, तर आत नेमकी कुठली जाळी आहे हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.