जुन्या स्विफ्टच्या लोअर आर्मच्या नावाखाली 11,800 रुपये गेले, प्लीज वाचा

आमची 2009 ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, 1 लाख 20 हजार किलोमीटर झालेली. स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडून खडखड यायला लागली होती, नेहमीचे मिस्त्रीकाका गावी गेलेले आणि आईला घेऊन साताऱ्याला जायचं होतं, म्हणून हडपसरकडच्या एका टायर-अलाइनमेंटच्या दुकानात गाडी नेली.

तिथल्या माणसाने पुढची दोन्ही चाकं उचलली, चाकाला दोन्ही बाजूंनी धरून हलवलं तर डुगडुग हललं. मग लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, त्याच्या बुशात (रबरी सांध्यात) पहार घालून रबर दाबून दाखवलं आणि त्याच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्याबद्दल म्हणाला, "साहेब, बॉल जॉइंटपण गेलाय, घाटात चाक निघालं तर? आई बसणार ना गाडीत?" हे ऐकल्यावर मी भावसुद्धा केला नाही. वर स्टिअरिंगच्या रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) बुटावर, म्हणजे रबरी कव्हरवर, ऑइलचा ओघळ दाखवला, म्हणे रॅक लीक आहे. दोन्ही लोअर आर्म, टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक) आणि रॅकचं काम, 11,800 रुपये, कच्चं बिल. काम चालू असताना आत येऊ दिलं नाही, जुने पार्ट मागितले तर भंगारवाला घेऊन गेला म्हणे. अलाइनमेंट (चाकांचा कोन जुळवणं) करायची ना विचारलं तर गरज नाही म्हणाला. टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करावीच लागते, आणि दुकान तर अलाइनमेंटचंच!

शिरवळ यायच्या आत खडखड परत सुरू. आई गप्प बसून होती, मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

काका आल्यावर त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली आणि किल्लीने लोअर आर्म खरवडला. वर काळा स्प्रे, खाली जुना गंज. स्प्रे चिखलाच्या खपल्यांवरूनच मारलेला, बुशच्या रबरावरपण उडालेला. टाय रॉडच्या लॉकनटवर पान्याची एक खूण नाही, आटे गंजलेले. आणि रॅकचं काय, तर या गाडीचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, रॅकमध्ये नुसतं ग्रीस असतं, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल नसतंच, मग गळणार काय? बुटावर ऑइल वरून लावलेलं.

चाक हललं ते कशामुळे, तर दोन्ही चाकं हवेत आणि स्टिअरिंग मोकळं, मग सगळंच फिरणार. काकांनी मला आत बसवून स्टिअरिंग घट्ट धरायला लावलं, टाय रॉडच्या जॉइंटवर बोट ठेवून चाक आडवं हलवलं, प्ले (ढिलेपणा) असेल तर बोटाला टक् जाणवतं, तसं काही नव्हतं. मग वरखाली धरून हलवलं, त्यात बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग कळतं, तेही ठीक. बुश रबराचाच असतो, पहारीने दाबला की हलणारच, बघायचं ते रबर फाटलंय का आणि लोखंडापासून सुटलंय का. खरा दोष डाव्या लिंक रॉडमध्ये (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) होता, त्याचा बॉल हातानेच खुळखुळत होता. जोडी बदलून मजुरीसकट 1,400 रुपये.

खरवडलेल्या आर्मचे फोटो घेऊन मी त्या दुकानात गेलो, आधी तो ओळखच दाखवेना, मग गिऱ्हाईकं ऐकायला लागल्यावर 5,000 परत दिले, बाकीचे बुडाले. लोअर आर्म अजून तेच जुने आहेत, त्यानंतर 9 हजार किलोमीटर झाले, एक आवाज नाही.