माँटगोमेरीचं लेगसी म्युझियम: जरूर बघा, पण माझी एक तक्रार आहे

अटलांटाला मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना कोका-कोलाचं म्युझियम, मत्स्यालय आणि लिलबर्नचं स्वामिनारायण मंदिर दाखवलं जातं. तेवढं झालं की एक दिवस राखून अलाबामातल्या माँटगोमेरीला जा, असं मी भेटेल त्याला सांगते आहे. आय-८५ महामार्गावरून अडीच तास लागतात. अलाबामाचं घड्याळ जॉर्जियाच्या एक तास मागे, त्यामुळे सकाळी निघालात तर वेळ हाताशी राहतो. पाच डॉलरच्या एकाच तिकिटात तीन जागा होतात: लेगसी म्युझियम, झुंडीनं मारलेल्या काळ्या माणसांचं स्मारक आणि २०२४ मध्ये नदीकाठी उघडलेलं शिल्पउद्यान. मधल्या बसचे वेगळे पैसे पडत नाहीत. शिल्पउद्यानासाठी टोपी आणि पाण्याची बाटली न्या, उन्हाळ्यात तिथलं ऊन सोसत नाही.

हे सगळं उभं केलंय इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेनं. ब्रायन स्टीव्हनसन या वकिलानं १९८९ मध्ये ती काढली आणि फाशीच्या कोठडीतल्या गरीब कैद्यांचे खटले लढणं हे तिचं मूळ काम. म्युझियम बघताना ती वकिली शिस्त जाणवते. गुलामांच्या व्यापारापासून आजच्या तुरुंगांपर्यंत एकेक पुरावा समोर ठेवत नेतात, आवाज चढवत नाहीत. आत फोटो काढायला मनाई आहे आणि हा नियम मला फार आवडला. माणसं खरोखर वाचत उभी होती.

एका भिंतीवर काचेच्या बरण्या आहेत, शेकडो. जिथं झुंडीनं माणूस मारला तिथली माती बरणीत, वर त्याचं नाव, गाव, तारीख. मृतांच्या घरच्यांनी आणि स्वयंसेवकांनी जाऊन गोळा केलेली माती. कुठली काळी, कुठली राखाडी, जॉर्जियाकडची तर महाबळेश्वरच्या मातीसारखी तांबडी. या बरण्यांसमोरून मला लवकर हलता आलं नाही. पुढे तुरुंगातल्या भेटीच्या खिडक्यांसारखे कप्पे केलेत. स्टुलावर बसून फोन कानाला लावला की काचेपलीकडचा कैदी आपल्याशी बोलू लागतो. इथं यायच्या आधी अँथनी रे हिंटन यांची हकीकत वाचून या. १९८५ मध्ये खुनाच्या आरोपावरून पकडलेला हा काळा माणूस जवळजवळ तीस वर्षं अलाबामात फाशीच्या कोठडीत होता. त्याच्या आईच्या घरातल्या रिव्हॉल्व्हरमधूनच गोळ्या सुटल्या, एवढ्यावर सरकारी पक्षाचा खटला उभा होता आणि गोळ्या त्या रिव्हॉल्व्हरशी जुळतच नव्हत्या. याच संस्थेनं लढून २०१५ मध्ये त्याला सोडवलं.

स्मारक थोडं दूर, टेकाडावर आहे. गंजल्या रंगाच्या पोलादाचे ८०० हून अधिक खांब, एका काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, एक. १८७७ ते १९५० या काळातले ४,४०० हून अधिक बळी त्यांवर कोरलेत. सुरुवातीला खांब आपल्या उंचीला असतात. चालता चालता पायाखालची जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. बाजूच्या पाट्यांवर एकेका ओळीत कारणं दिली आहेत. १९४० मध्ये अलाबामातल्या लुव्हर्नला जेसी थॉर्नटनला मारलं, कारण गोऱ्या पोलिसाला त्यानं 'मिस्टर' म्हटलं नाही. १९१८ मध्ये जॉर्जियात मेरी टर्नरला पोटातल्या बाळासह मारलं. नवऱ्याला झुंडीनं मारलं याबद्दल तिनं आवाज उठवला होता.

आता तक्रार. मी नागपुरात एका दैनिकाच्या डेस्कवर आयुष्य काढलंय, त्यामुळे माझी नजर वर्तमानपत्रं शोधत होती. त्यांना या सगळ्यात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

याच आय-८५ वर अटलांटा सोडल्यावर न्यूनन लागतं. एप्रिल १८९९ मध्ये तिथं सॅम होज या काळ्या मजुराला जिवंत जाळलं. मालकाशी झालेल्या भांडणात मालक मेला होता. अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या दैनिकानं होजला पकडून देणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं आणि बलात्काराची कहाणी छापून दिवसेंदिवस लोकांना पेटवलं होतं. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी शिकागोहून गुप्तहेर पाठवून चौकशी केली, तेव्हा ती कहाणी खोटी निघाली. जाळताना बघायला अटलांटाहून खास रेल्वेगाड्या भरून माणसं गेली होती. मिसिसिपीत १९१९ मध्ये जॉन हार्टफील्डला मारायचं ठरलं, तेव्हा जॅक्सनच्या दैनिकानं संध्याकाळी पाचची वेळ देऊन मथळा केला. ती बातमी आधी छापली गेली, खून नंतर झाला.

म्हणूनच मला वाटतं, काउंटीचा खांब आहे तसा त्या त्या वर्तमानपत्राच्या नावाचाही असायला हवा होता. माँटगोमेरी ॲडव्हर्टायझर या तिथल्या दैनिकानं २६ एप्रिल २०१८ ला, स्मारक उघडलं त्याच दिवशी, अग्रलेख लिहून मान्य केलं की आपण मारल्या गेलेल्यांना गुन्हेगार धरूनच बातम्या देत होतो. ते पान स्मारकाच्या दारातच लावा, येणारा प्रत्येक पत्रकार आधी ते वाचेल.

हे मी परक्या देशाला शिकवायचं म्हणून लिहीत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत दलित कुटुंबातल्या सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना गावातल्या जमावानं मारलं. सुरेखा आणि प्रियांका एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या, आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. सुरुवातीच्या बातम्यांत मात्र 'अनैतिक संबंध' आले. पोलिसांनी सांगितलं, डेस्कनं घेतलं, लोकांनी वाचलं. नागपूर, अमरावतीत माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे विषयाला मोठी जागा मिळाली. पुढे कोर्टात शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा टिकला नाही. मेरी टर्नरच्या पाटीसमोर उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे सुरेखाबाई होत्या. ज्या बाईनं तोंड उघडलं, तिच्याच चारित्र्यावर बातमी करायची ही रीत आजही चालू आहे, आता ती व्हॉट्सॲपवरून तासाभरात गावभर होते.

जेवायचं म्युझियमच्या शेजारीच, पॅनी-जॉर्जेस किचनमध्ये. दक्षिणी काळ्या घरांतलं जेवण मिळतं: तळलेलं चिकन, गोड रताळी, मक्याचा पाव. शाकाहारी असाल तर पालेभाजीत मांस आहे का ते विचारून घ्या.

आधी म्युझियम करा, मग स्मारक. दोन्हींना मिळून चार-पाच तास तरी धरा. ज्येष्ठांनी मध्ये बसत बसत जावं. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना मी नेणार नाही, त्याहून मोठ्यांना मात्र आग्रहानं न्या आणि परतीच्या गाडीत त्यांना बोलू द्या. सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं, निघण्याआधी वेळा वेबसाइटवर तपासा.