बारावीनंतरची स्कॉलरशिप: महाडीबीटी, एनएसपी, खासगी की ट्रस्ट? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी आधी कुठे भरायचं

बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर पहिली लिंक येते ती "सर्व विद्यार्थ्यांना ५०,००० रुपये, आजच अर्ज करा" वाली. ती डिलीट करा आणि मग पुढचं वाचा.

आमच्या ऐरोलीत जून-जुलैमधे ओळखीतली मुलं कागदांची पिशवी घेऊन घरी येतात आणि सगळ्यांचा प्रश्न ठरलेला, काकू, सगळ्यात जास्त पैसे कुठली देते? मी म्हणते ते नंतर बघू, आधी सांग ॲडमिशन कशाला घेतोयस. कारण इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला जी स्कॉलरशिप सोन्यासारखी ती बीकॉमवाल्याच्या काही कामाची नाही, आणि बीकॉमवाल्याला जी मस्त परवडते ती इंजिनिअरिंगवाल्याने घेतली तर उलट त्याचंच नुकसान. रक्कम बघून फॉर्म भरणारे इथेच फसतात.

महाडीबीटीपासून सुरुवात करू कारण आपल्याकडे बहुतेकांचं काम तिथेच होतं. हे राज्य सरकारचं पोर्टल, एका लॉगिनमधे बऱ्याच योजना. ओपनवाल्यांसाठी मुख्य म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, महाराष्ट्राचं डोमिसाइल, प्रोफेशनल कोर्सला ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मग ट्यूशन फी निम्मी माफ. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली असेल तर विषयच संपला, उत्पन्न कितीही कमी असू दे. आणि एका घरातल्या दोनच मुलांना.

मुलींचं गणित २०२४-२५ पासून वेगळं झालंय. जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात ती म्हणजे माफ होते ती ट्यूशन आणि परीक्षा फी, डेव्हलपमेंट फी नाही, बस नाही, हॉस्टेल नाही. पोरीला सगळं फुकट म्हणून बाबा निश्चिंत असतात आणि मग ॲडमिशनच्या दिवशी काउंटरवर डेव्हलपमेंट फीचा आकडा ऐकून कार्ड शोधायला लागतात. ओपनमधल्या मुलीने ईडब्ल्यूएसचा दाखला वेळेत काढून ठेवलेला बरा.

एससी विद्यार्थ्यांना याच पोर्टलवर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक आहे, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, भत्ता नाही. शिवाय शहापूर-मुरबाडहून किंवा आणखी लांबून ठाणे, नवी मुंबईत शिकायला आलेला एससी किंवा नवबौद्ध मुलगा, ज्याला सरकारी वसतिगृह मिळालं नाही, त्याच्यासाठी स्वाधार योजना आहे, आपल्या भागात वर्षाला ६०,००० रुपये, जेवण, राहणं आणि वरखर्च धरून. इथलाच रहिवासी असाल तर नाही मिळत.

आता समोर ठेवा एनएसपी, म्हणजे केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल. त्यातली बारावीनंतरची मुख्य म्हणजे सेंट्रल सेक्टर स्कीम, हल्ली पीएम-यूएसपी म्हणतात. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे बोर्डाच्या त्या शाखेतल्या वरच्या २० टक्क्यांत यायला हवं, ८० टक्के मार्क पडले म्हणजे बसलोच असं नाही. पैसे पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० आणि पीजीला २०,०००, बीटेकच्या चौथ्या वर्षालाही २०,०००. देशभरात दरवर्षी नवीन ८२,००० मुलांना देतात, निम्म्या मुलींसाठी राखीव. पैसा थेट मुलाच्या खात्यात, कॉलेजच्या नाही.

आणि यात अट अशी आहे की दुसरी कुठली स्कॉलरशिप, राज्य सरकारची धरून, घेत असाल तर ही मिळत नाही. खरी निवड इथे करावी लागते. "दोन्ही भरून ठेवू, जी आधी येईल ती घेऊ" असं म्हणणारे असतात, त्यांना सांगते की दोन्ही पोर्टलना आधार तुमचं एकच आहे.

हिशोबच करून बघा. समजा कॅपमधून नेरूळ किंवा घोडबंदरच्या एखाद्या खासगी इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि ट्यूशन फी वर्षाला १,२०,००० आहे. ईबीसीने ६०,००० वाचतात, चार वर्षांचे २,४०,०००. सेंट्रल सेक्टर घेतली तर चार वर्षांत १२, १२, १२ आणि २० मिळून ५६,०००. डोकं चालवायलाच नको. पण तोच मुलगा ठाण्यात बांदोडकरला साधी बीएस्सी नाहीतर वाशीला अनुदानित बीकॉम करणार असेल, तर फीच मुळात काही हजारांत असते, तिथे फीमाफीने कितीसं वाचणार, आणि १२,००० रोख हातात आले तर फी भागून पास, पुस्तकं, डबा सगळं निघतं. आमच्या मजल्यावरच्या पोराला घरचे म्हणत होते की सरकारी म्हणजे महाडीबीटीच चांगली, त्याला बारावी कॉमर्सला ८९ टक्के होते आणि वडिलांचं उत्पन्न तीन लाखांच्या आत, त्याला मी सरळ एनएसपीवर बसवलं.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी अजून एक, जी स्कॉलरशिप नाहीच पण सगळ्यात भारी आहे, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. मंजूर जागांच्या वर ५ टक्के सीटा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत, ट्यूशन फी पूर्ण माफ, मुलगा असो की मुलगी. याला महाडीबीटीचा फॉर्म नाही, कॅपच्या ऑप्शन फॉर्ममधे त्याच ब्रँचचा वेगळा चॉईस कोड असतो तो वर टाकायचा. सीटा इन मिन तीन-चार, त्यामुळे कटऑफ चढा जातो आणि एकदा घेतली की ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही. मार्क चांगले असतील तर ईबीसीच्या आधी हे बघा, निम्म्या माफीपेक्षा पूर्ण माफी बरी की नाही.

प्युअर सायन्सला जाणाऱ्यांनी केंद्राची इन्स्पायर शी ही स्कॉलरशिप पण डोक्यात ठेवा. बोर्डात वरच्या १ टक्क्यात असाल आणि बेसिक सायन्सेसची पदवी करत असाल तर वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी. त्या वर्षीची जाहिरात आली का ते मात्र अधिकृत साइटवर बघूनच भरा.

खासगी कंपन्यांच्या स्कॉलरशिप म्हटलं की सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट. एक म्हणतो वशिल्याशिवाय मिळत नाही, दुसरा दिसेल तिथे भरतो. दोन्ही चूक. रिलायन्स फाउंडेशनची अंडरग्रॅज्युएट स्कॉलरशिप घ्या, कुठल्याही शाखेला चालते, बारावीला ६० टक्के, उत्पन्न १५ लाखांच्या आत, त्यात अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य, पहिल्या वर्षाला ॲडमिशन हवी, आणि पूर्ण पदवी मिळून २ लाखांपर्यंत. ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते आणि गळती तिथेच होते, फॉर्म भरून टेस्टच देत नाहीत लोक. कोटक कन्या ही मुलींसाठी, चांगल्या मानांकनाच्या कॉलेजात प्रोफेशनल कोर्सला जाणाऱ्या, उत्पन्न ६ लाखांच्या आत, वर्षाला दीड लाखापर्यंत, पण स्पर्धा देशभराची, तेव्हा तिच्यावर विसंबून ॲडमिशन घेऊ नका.

सरकारी योजनेत निकषात बसलात आणि कागद नीट असले की बहुतेक काम होतं, खासगीत निकषात बसल्यावर खरी निवड चालू होते. म्हणून मी सरकारी आधी आणि खासगी वरखर्चाला असं धरते. खासगी फॉर्ममधे दुसरी स्कॉलरशिप घेताय का असं विचारतात तिथे खरं लिहा, बऱ्याच ठिकाणी चालतं. लपवलेलं नंतर निघालं तर महागात पडतं. आणि कुठल्याही फॉर्मला "प्रोसेसिंग फी" मागितली की खिडकी बंद करा.

आता जवळचे पर्याय, ज्यांच्याकडे कुणी बघतच नाही. नवी मुंबई महापालिकेचा समाजविकास विभाग हद्दीतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, विधवा-घटस्फोटित बायकांची मुलं, आर्थिक दुर्बल, सफाई कामगारांची, नाका कामगारांची मुलं असे गट असतात. ठाणेकरांना ही नाही. आणि खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांनाही नाही, पत्त्यात नवी मुंबई लिहिलं तरी पालिका पनवेलची. उत्पन्नाचा दाखला काढतानाही हाच घोळ, वाशी-नेरूळ-ऐरोली ठाणे तालुक्यात, खारघर पनवेल तालुक्यात आणि जिल्हा रायगड, पोर्टलवर तालुका चुकीचा निवडला की अर्ज परत.

वडील दिघ्याला, तुर्भ्याला बांधकामावर असतील तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आहे का विचारा. नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,०००, मेडिकलला १ लाख. नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते आणि ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, तिथेच बहुतेकांचं अडतं. आणि वडील एमआयडीसीत कंपनीत असतील तर त्यांची जून किंवा डिसेंबरची पगाराची स्लिप काढा, त्यात एलडब्ल्यूएफ (लेबर वेल्फेअर फंड) म्हणून किरकोळ रक्कम कापलेली दिसेल. ती कामगार कल्याण मंडळाकडे जाते आणि मंडळ कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. वर्षानुवर्षं पैसे कापले जातात आणि घरात कुणाला पत्ता नसतो. मला विचाराल तर स्कॉलरशिपच्या शोधाची सुरुवात वडिलांच्या पगाराच्या स्लिपपासून करावी.

ज्ञाती संस्था आणि ट्रस्ट, हे नौपाडा-पाचपाखाडीकडे बरेच. रक्कम पाच-दहा हजारांची, कधी जास्त, पण मिळते लवकर. फॉर्म कागदी, मार्कशीटची झेरॉक्स, कॉलेजचं बोनाफाइड आणि मग रविवारी सकाळी भेटायला बोलावतात. समोर तीन-चार रिटायर्ड आजी-आजोबा, घरी कोण कोण कमावतं, भाड्याने राहता का, पुढे काय करणार, सगळं विचारतात, चहा देतात, एखादे आजोबा मार्कशीटवर बोट ठेवून "गणितात का रे कमी पडले?" असंही म्हणतात. पोरांना अवघडल्यासारखं होतं पण खरं बोललं की काम होतं. सरकारी पैसा यायला वर्ष उलटू शकतं, तोवरची फट भरायला हेच उपयोगी.

कारण वेळेचा फरक रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. टीएफडब्ल्यूएसची माफी ॲडमिशनच्याच दिवशी. ईबीसीत निम्मी फी भरून प्रवेश द्यायचा असा नियम असला तरी काही कॉलेजं आधी पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत देऊ म्हणतात, आमच्या भाच्याच्या वेळी असंच झालं, मग जीआरची प्रिंट घेऊन ऑफिसात बसावं लागलं तेव्हा हमीपत्रावर मानले. सेंट्रल सेक्टरचा पैसा उशिरा, तो धरून पहिल्या वर्षाची फी ठरवू नका.

कागदांचं थोडक्यात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून एप्रिल-मेमधे नवीन काढून ठेवा, निकालानंतर सेतूत रांग असते. ओबीसींना नॉन क्रीमी लेयर, आणि राखीव जागेवर प्रोफेशनल कोर्सला जायचं तर जात पडताळणी, तिचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं आणि आधारवर शेवटी, हे चालतं, पण स्पेलिंगमधे एक अक्षर इकडेतिकडे असेल तर आधार आधी दुरुस्त करा. बँकेत आधार लिंक असणं आणि खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट जमा व्हायला, सीड (जोडलेलं) असणं वेगळं, दोन खाती असतील तर पैसा शेवटी सीड केलेल्या खात्यात जातो, मग पोरं रिकामं पासबुक घेऊन फिरतात आणि पैसे आईबरोबरच्या जॉइंट खात्यात पडलेले असतात.

फॉर्म सायबर कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर स्वतःचा टाका आणि पासवर्ड वहीत लिहा, कारण दोन्ही पोर्टलना दरवर्षी रिन्यूअल आहे आणि सेंट्रल सेक्टरला त्यासाठी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. सबमिट झालं की अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथल्या क्लार्कने पुढे पाठवेपर्यंत तिथेच बसून राहतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा ऑफिसात जाऊन अर्ज आयडी दाखवा आणि पुढे गेला का ते त्यांच्याच स्क्रीनवर बघून या.