७०-३०० लेन्स, आठ महिने आणि एकही वाघ नाही

ही लेन्स सफारीला चालेल का, ते मला विचारू नका. तिच्यासोबत मी जंगलात एकदाही गेलेलो नाही. आठ महिन्यांत तिच्यासमोर आले ते गच्चीवरचे कावळे, कुंपणावरची खार, जिन्यातली मांजर, ट्यूबलाइटजवळची पाल आणि कबुतरं. कबुतरं तर नको तितकी.

लेन्स ७०-३०० मिमी, ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) ४.५ ते ६.३, जुन्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर छोटा असलेल्या कॅमेऱ्यावर. सेन्सर दीडपट क्रॉपचा, म्हणजे ३०० ला मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या साधारण ४५० मिमी इतकी चौकट मिळते. घेताना डोक्यात एकच होतं, आता सगळं जवळून टिपू. झालं उलटंच, मला लांब उभं राहता यायला लागलं. मोबाइल घेऊन चार पावलं पुढे सरकलो की खार शेपूट झटकत चिरकायची, त्यामुळे माझ्याकडच्या सगळ्या जुन्या फोटोंत ती घाबरलेलीच आहे. आता मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो आणि ती पुढच्या पंजांत बी धरून निवांत कुरतडत बसते. मी आहे हे तिला पक्कं माहीत असतं, फक्त दखल घ्यावी इतका मी जवळ नसतो.

पहिले दोन महिने मात्र निव्वळ मनस्ताप. स्टॅबिलायझेशन आहे म्हणून बिनधास्त १/१२५ सेकंदाच्या शटरवर फोटो काढत होतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर झकास दिसायचे, घरी मोठे करून बघितले की मिशा गायब. ती सोय आपला हात हलतो त्यासाठी आहे, खार हलते त्याला ती काय करणार! आता खार आणि पक्ष्यांसाठी १/१००० च्या खाली उतरत नाही, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर सोडतो. झोपलेल्या मांजरीला १/१२५ पुरतो.

कावळ्याने तर मला लेन्स परत करायला लावली असती. एका फोटोत त्याचा डोळा दुधाळ, धुरकट. फोकस गंडलाय अशी खात्रीच झाली. मग नीट बघितलं तर चोचीच्या मुळाशी असलेली केसांसारखी राठ पिसं एकेक मोजता येत होती. त्याच सलग काढलेल्या फोटोंपैकी पुढच्याच फोटोत डोळा काळाभोर. ती तिसरी पापणी होती. पक्ष्यांच्या डोळ्यावरून आडवी सरकणारी पातळ पारदर्शकसर पडदी. नुसत्या डोळ्यांनी मला ती कधीच दिसली नव्हती. कावळ्याचं आणखी एक: चौकट त्याने भरली की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड जवळपास निम्म्यावर घ्यावा लागतो. पांढऱ्या मांजरीला बरोबर उलट.

कबुतराची मान चालताना सतत पुढेमागे होते असं वाटतं. खरं तर ती पुढे झेपावते आणि मग अंग तिच्याखाली येईपर्यंत जागच्या जागी थांबते. १९७८ मध्ये संशोधक बॅरी फ्रॉस्ट यांनी कबुतरांना ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा भोवतालचं दृश्य सरकत नसल्याने मान हलणं जवळपास थांबलं. मला याचा उपयोग एवढाच की झेप संपली रे संपली की बटण दाबायचं. डोळा टोकदार येतो.

आता तक्रारी. संध्याकाळ झाली की ३०० ला ॲपर्चर ६.३, आयएसओ ६४०० वर जातो, फोटोत दाणे येतात आणि फर आणि भिंतीचा गिलावा यात फरक राहत नाही. कमी उजेडात फोकस पुढेमागे घरघरत राहतो, तोवर पाल ट्यूबलाइटमागे गेलेली असते. सहाव्या महिन्यापासून झूम सैल पडलाय. कॅमेरा गळ्यात लटकवून चाललं की नळी आपोआप बाहेर घसरते. कंपनीच्या माणसाने 'असं होतंच' म्हणून वाटेला लावलं. मी रुंद रबरबँड अडकवलाय, दिसायला भिकार पण काम चोख.

सर्वांत मोठी अडचण मांजरीची. ही लेन्स दीड मीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि ओळख झाल्यापासून जिन्यातली मांजर थेट पायाशी येऊन बसते. तिचे गेल्या दोन महिन्यांतले सगळे फोटो मोबाइलवरचे आहेत.

वापरलेली घेणार असाल तर मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे नाहीत ना ते बघा, आणि ३०० वर काढलेला एक फोटो तिथेच मोठा करून बघा.