पाणवठ्याचं पाणी लॅबला दिलं: ईडीएनए टेस्टिंगचा आमचा अनुभव (पाचपैकी साडेतीन स्टार)

मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या पाणवठ्यांचं पाणी ईडीएनए टेस्टला (पाण्यात राहिलेल्या डीएनएवरून तिथे आलेले प्राणी ओळखायची तपासणी) दिलं होतं. रिपोर्ट आला, त्यावर लॅबशी वाद झाला, मग फेरतपासणी झाली, आणि आता सगळं हातात आलंय म्हणून सविस्तर लिहितोय. लॅब पुण्यातलीच, खासगी. नाव लिहीत नाही, कारण तुम्ही कुठल्याही लॅबकडे गेलात तरी विचारायचे प्रश्न हेच आहेत.

आमचा छोटा ग्रुप आहे, दरवर्षी बुद्धपौर्णिमेला मचाणावर प्राणीगणनेला बसणारा. अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, चौफुल्याहून आत वळलं की अर्ध्या-पाऊण तासात पोचतो, चिंकारा हमखास दिसतात. पण मचाणावर बसलेल्या कोणालाही विचारा, रात्री अडीच-तीनला डोळा लागतो, चंद्रावर ढग येतो, आणि पाण्यावर कोणीतरी येऊन गेल्याचा नुसता आवाज येतो, त्याची नोंद कशी करणार? कॅमेरा ट्रॅप लावले होते, त्यातला एक चोरीला गेला. म्हणून यावेळी एका कॉलेजच्या प्रोजेक्टमधून, वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन (वन्यजीव कायदा 1972, कलम 28, हे आधी करा, लॅब तुमच्यासाठी करत नाही), गणनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चार पाणवठ्यांचं पाणी घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जनावर पाणी प्यायला आलं की त्याची लाळ, केस, कातडीचे कण, लघवी असं काहीतरी पाण्यात राहतं आणि त्यात त्याचा डीएनए असतो. ते पाणी बारीक फिल्टरमधून गाळायचं, फिल्टर लॅबला द्यायचा, तिथे त्यातल्या डीएनएचा एक छोटा तुकडा वाढवून वाचतात आणि डेटाबेसशी जुळवून प्राणी ओळखतात. 2008 साली फ्रान्समध्ये तळ्यांच्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉग असाच शोधला होता, तेव्हापासून ही पद्धत वाढत गेलीये.

किटबद्दल. डबा नीट पॅक केलेला, प्रत्येक पाणवठ्यासाठी वेगळी पिशवी, त्यात 0.45 मायक्रॉनचा बंद फिल्टर, 60 मिलीची सिरिंज, ग्लोव्हजच्या दोन जोड्या आणि फिल्टरमध्ये भरायचं प्रिझर्व्हेटिव्ह. हे प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे मोठी सोय आहे, बर्फ लागत नाही, मेच्या उन्हात सोलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून हडपसरपर्यंत सॅम्पल गाडीत तसंच आणलं तरी चालतं. सोबत मराठीत छापलेली सूचनांची पट्टी होती, ती वाचून आमच्यासोबतच्या वनमजुरांनी दुसरा फिल्टर स्वतः केला आणि माझ्यापेक्षा व्यवस्थित केला.

पण फिल्टर तुंबतो. पाणवठ्याचं पाणी म्हणजे चहासारखं, खाली चिखल, वर शेवाळ. सूचनेत एक लिटर गाळा असं लिहिलंय, आमचं दीडशे मिलीला सिरिंज दाबेना. तिघांनी आळीपाळीने अंगठा लावून कसंबसं अडीचशे मिली काढलं, आणि तिसऱ्या पाणवठ्यावर फिल्टरचा जोडच निसटला, ते सॅम्पल फुकट गेलं. माळरानावरच्या गढूळ पाण्यासाठी जाड भोकांचा प्री-फिल्टर किटमध्ये हवाच. फोन केल्यावर कळलं की तो त्यांच्याकडे असतो, मागावा लागतो. ऑर्डर घेताना पाणी कसं आहे एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

रिपोर्ट सहा आठवड्यांत देतो म्हणाले, दहा आठवडे लागले. तो उघडला आणि पहिल्याच पानावर कटला आणि चिलापी. ज्या सिमेंटच्या पाणवठ्यात बेडूकसुद्धा धड टिकत नाही तिथे मासे कुठून आले? सगळे चक्रावलो, लॅबवाल्यांनाही सांगता येईना. शेवटी वनरक्षक म्हणाले, अहो, दोन दिवस आधी टँकर ओतलाय की, तो खाली शेततळ्यावरून भरून येतो. म्हणजे तो डीएनए शेततळ्यातल्या माशांचा, टँकरमधून आलेला. तेव्हा पाणवठा टँकरने भरत असतील तर टँकरच्या पाण्याचं एक सॅम्पल वेगळं घ्या, पैसे जास्त गेले तरी घ्या. नाहीतर शेततळ्यावर पाणी प्यायलेली गाढवं, कुत्री सगळी तुमच्या अभयारण्याच्या यादीत येऊन बसतील.

अर्ध्याहून जास्त डेटा शेळ्या, मेंढ्या आणि माणसाचा निघाला. कडेनेच धनगरांचे कळप जातात, त्यामुळे ते अपेक्षित होतं. पण एवढ्या गर्दीत लहान, क्वचित येणाऱ्या प्राण्याचा डीएनए दबून जातो, म्हणून लॅबला आधीच सांगा की माणसाचा डीएनए वाढू न देणारा ब्लॉकिंग प्रायमर वापरा.

कोंबडीही होती. इथे मला खरंच राग आला. आम्ही नियमाप्रमाणे डिस्टिल्ड वॉटर गाळून एक फील्ड ब्लँक दिला होता, हात-किट-लॅब यातून काही मिसळलं तर कळावं म्हणून, आणि रिपोर्टमध्ये त्या ब्लँकचा पत्ताच नाही. तीन ईमेलनंतर तो आला आणि त्यात कोंबडी होतीच. म्हणजे पाणवठ्यातली कोंबडी आमच्या डब्यातली किंवा त्यांच्या टेबलावरची, जंगलातली नाही. ब्लँकचा निकाल मागितल्याशिवाय मिळत नसेल तर ती सर्व्हिस अपुरी आहे, हे त्यांना फोनवरही स्पष्ट सांगितलं.

आता चांगलं. चौथ्या पाणवठ्यात तरस आलं. त्या मचाणावर आमची दोन पोरं रात्रभर जागी होती, त्यांच्या वहीत चिंकारा, ससा आणि पहाटे एक खोकड, एवढंच. तरसाची शंका तिथल्या लोकांना होती, पांढरी विष्ठा सापडायची, पण नोंद नव्हती. उन्हात कोमट पाण्यातला डीएनए लवकर तुटतो, त्यामुळे ते जनावर त्याआधीच्या काही दिवसांतच येऊन गेलंय. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. किती तरसं, नर की मादी, हे यातून कळत नाही, ते कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि लांडगा. दोन पाणवठ्यांपुढे कॅनिस लुपस लिहून आलं, ग्रुपवर लगेच अभिनंदन सुरू झालं. पण त्यांनी वाचलेला 12एस या जनुकाचा तुकडा इतका छोटा की त्यात लांडगा आणि गावातलं कुत्रं वेगळं ओळखता येत नाही, आणि कुत्री त्या पाण्यावर रोज असतात. गंमत नाही ही, पुण्याभोवतीच्या माळरानांवर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय अभ्यासात सापडलेला आहे, असं नाव कोणाच्या वहीत सरळ चढलं तर पुढची सगळी गणितं चुकतात. याच रिपोर्टमध्ये मांजरापुढे ते फक्त फेलिस (मांजरांच्या गटाचं नाव) असं लिहून थांबले होते, रानमांजर की घरचं ते सांगता येत नाही अशी टीपही होती. मग लांडग्याला तीच टीप का नाही? हे लिहून पाठवल्यावर त्यांच्या एका ताईंचा फोन आला, चूक मान्य केली आणि डी-लूप या दुसऱ्या तुकड्यावर फेरतपासणी करून दिली, पैसे न घेता. भारतीय लांडग्याचा तो तुकडा कुत्र्यापेक्षा स्पष्ट वेगळा असतो. अर्थात तो आईकडूनच येतो, त्यामुळे संकर आहे की नाही हे त्यातून कळत नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. या वागण्यासाठी एक अख्खा स्टार माझ्याकडून.

निकाल मागच्या आठवड्यात आला. दुसऱ्या पाणवठ्यावर कुत्रं. चौथ्यावर, तरसाच्याच पाण्यात, लांडगा. वनरक्षकांना फोन केला तर म्हणाले, त्या बाजूच्या ओढ्यात मला जूनमध्ये ठसे दिसले होते, पण कुत्र्याचे असतील म्हणून सोडून दिले.

खर्च म्हणाल तर एका सॅम्पलचे पैसे साधारण एका साध्या कॅमेरा ट्रॅपएवढे, त्यामुळे कॅमेरे काढून हे करा असं सांगणार नाही, दोन्ही लागतं. हवेतून डीएनए पकडायची सोय आहे का तेही विचारलं, कारण 2022 मध्ये डेन्मार्क आणि इंग्लंडमधल्या प्राणीसंग्रहालयांत ते करून दाखवलंय आणि आपल्या माळावर पाणी वर्षातले काही महिनेच असतं, पण यांच्याकडे अजून नाही. पुढच्या मेसाठी घ्यायचं असेल तर जानेवारीतच बोला, परवानगीचा कागद हातात यायला वेळ लागतो, आणि प्री-फिल्टर ऑर्डरमध्ये लिहून घ्या.