तळवलकरांचा धनाजी की सुधीर जोशींचा सरपोतदार?

सोलापुरात, हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या रंगमंचावर नक्कल बसवायची तर हे दोघे हमखास पुढे येतात. 'धूमधडाका' (1985) मधला शरद तळवलकरांचा धनाजी वाकडे आणि 'अशी ही बनवाबनवी' (1988) मधला सुधीर जोशींचा घरमालक. दोघांसमोर टोप्या घालायला अशोक सराफच.

तळवलकर अंगानं खेळतात. वैताग आधी मानेत, मग हातात, शेवटी आवाजात. शेवटच्या रांगेलाही कळतं, म्हणून नवख्यानं हाच घ्यावा. फक्त पहिल्याच वाक्याला आवाज टिपेला नेला की चढायला पायरीच उरत नाही, आणि मग नुसती आरडाओरड.

सरपोतदार अवघड. औषध आणणारा माणूस गेला आणि त्याच्यासोबत सत्तर रुपयेही 'वारले', हे सराफांकडून ऐकतानाचा त्यांचा चेहरा बघा: माणूस गेल्याचं दुःख करावं की पैशाचं, तेच ठरेना! विनोद सराफांच्या वाक्यात नाही, तो या गोंधळात पिकतो. मनात एक-दोन मोजा, मग बोला. घाई केली तर हशा वाक्याखाली चिरडतो; स्वतःच हसलात तर संपलंच. शिवाय हे कॅमेऱ्यासाठीचं काम, लांबून दिसत नाही. पन्नास माणसांच्या खोलीत मात्र सरपोतदारच घ्या.