क्रूझ की कोचीचं जहाज? बडोद्याहून लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काका-काकूंनी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला लक्षद्वीप बघायचं ठरवलंय. मुंबईहून क्रूझ घ्यावी की कोचीहून जहाज, असं काकांनी मला विचारलं. मी दोन्ही केलंय. तीस वर्षं फिरतोय, पण क्रूझवर झाला तसा हिरमोड कुठेच झाला नाही.

सोय बघाल तर क्रूझच उजवी. बडोद्याहून वंदे भारतने मुंबई, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर, आणि रात्रीचं जेवण जहाजावर. लिफ्ट, डॉक्टर, शाकाहारी पदार्थ, कशाची ददात नाही. कोचीला मात्र रेल्वेनेच दिवसाहून जास्त लागतो. कोचीच्या जहाजावरच्या खोल्या साध्या, जेवणही साधं.

खर्चाचं आधी नीट विचारून घ्या. क्रूझच्या जाहिरातीतल्या भाड्यावर कर, बंदर शुल्क, सेवा शुल्क, वायफाय असं चढत गेलं आणि आमचं बिल जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढलं. त्यात स्वस्त म्हणून आतली, बिनखिडकीची खोली घेतलेली. दिवा मालवला की दिवस की रात्र तेच कळेना.

पण खरं दुःख वेगळंच. पहाटे आम्ही दोघं डेकवर गेलो. समोर माडांची रांग, प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, तिच्या आत हिरवं, स्तब्ध पाणी. त्या उथळ पाण्यात मोठं जहाज शिरू शकत नाही. ते बाहेर थांबतं आणि माणसं लहान बोटींतून नेतात. त्या दिवशी लाटा मोठ्या होत्या, कप्तानाने उतरणं रद्द केलं. निर्णय योग्यच होता. पण आमच्या सहलीत बेट ते एकच. जहाज वळलं, आणि बेट दिसेनासं होईपर्यंत बायको कठडा धरून उभी होती. अटींप्रमाणे परत मिळालं ते फक्त बंदर शुल्क. उरलेले दोन दिवस तंबोला आणि बुफेच्या रांगा.

कोचीचं जहाजही बहुतेक वेळा बाहेरच थांबतं, तिथेही लाटा आहेतच. फरक असा की लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘समुद्रम’ सहलीत पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं असतात. रात्री जहाजावर, दिवस बेटावर. एक हुकलं तरी दोन उरतात. आम्हाला तिन्ही मिळाली. मिनिकॉयचा 1885 सालचा दीपस्तंभ पाहिला. बाकीच्या बेटांवर मल्याळम, इथे मात्र महल भाषा कानावर पडते. तिथल्या वाळूत बसून जेवलो, ती दुपार मी विसरणार नाही.

प्रवेशाचा परवाना लागतो, तो वेळेत काढा. पावसाळ्यात दोन्हींचा विचार सोडा.

मी काकांना कोचीच सांगितलं, पण एक अट घातली. जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. खलाशी दंड धरतात, तरी लाट बोट वर उचलेल त्याच क्षणी उतरायचं असतं. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपणार नसेल तर लक्षद्वीप राहू दे, बाल्कनीवाली खोली घेऊन मुंबई-गोवा क्रूझ करा. तिथे जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं, जिना उतरलं की जमीन. उद्या काकूंनाच विचारतो, जिन्यावर गुडघा किती दुखतो ते.